केलं, निस्तरलं, तरी मागे उरतं त्याला काय म्हणायचं?

कानामात्रा

लहान मुलांच्या एका गोष्टीचं मराठी करतेय. गोष्ट एवढीशीच. एक मुलगी रागाच्या भरात मैत्रिणीच्या चित्रावर पेन्सिलीने आडवी रेघ ओढते. मग तिलाच वाईट वाटतं, सॉरी म्हणते, खोडरबर घेऊन रेघ पुसते. मैत्रीण हसते. शेवटच्या पानावर ती मुलगी एकटीच तो कागद खिडकीशी नेऊन तिरपा धरते. शिसं सगळं गेलंय, पण दाबून ओढलेल्या रेघेची खाच उजेडात दिसतेय. चित्राखाली एकच ओळ आहे. तिचा माझा पहिला मसुदा असा: 'आपल्या कृतींचे दीर्घकालीन परिणाम होतात.'

वाचून मलाच हसू फुटलं. औषधाच्या खोक्यात घड्या घातलेला पातळ कागद निघतो ना, त्याच्यावरचं वाक्य.

मी स्वतः करून पाहिलं बरं का. एचबी पेन्सिल, साधा कागद. पुसल्यावर बोट फिरवलं तर काही लागत नाही. तिरपा धरला की दिसतं. आणि पेन्सिल आडवी धरून त्याच्यावरून हलकी छटा दिली तर पुसलेली रेघ पांढरी होऊन वर येते! नवी छटा भोवती बसते, खाचेत उतरत नाही.

परिणाम, पडसाद, फलित, निष्पत्ती, पर्यवसान, फलश्रुती, ठसा. सगळे लावून झाले. एकही त्या खाचेत बसत नाही. सुचवा.

झाकली_मूठ

'पडसाद' घ्या की. पडसाद उमटतात, खाचही उमटते. जमलं. झोपा आता.

तळटीप

मूठ, तुम्हाला नेहमी घाई नडते.

पडसाद म्हणजे मुळात 'प्रतिशब्द'. प्राकृतात पडिसद्द, आपल्याकडे पडसाद. आवाज कशावर तरी आपटून परत यायला हवा. पडसादाला समोर कडा लागतो, नाहीतर विधानसभा. शिवाय तो दर खेपेला क्षीण होत जातो. इथे कागद गप्प आहे.

'पर्यवसान' अजिबात नको. त्यात 'अवसान' आहे, म्हणजे शेवट. चर्चेचं पर्यवसान हाणामारीत होतं तेव्हा चर्चा संपलेली असते. तुमच्या गोष्टीत काही संपत नाही हीच तर अडचण आहे.

'फलश्रुती'बद्दल मी या आधीही इथे कंठशोष केलाय. स्तोत्राच्या शेवटी 'हे नित्य म्हणणाऱ्याला अमुक मिळेल' असं सांगणारा भाग म्हणजे फलश्रुती. ऐकवलेलं फळ. मिळालेलं नव्हे. बातम्यांत 'दौऱ्याची फलश्रुती' वाचलं की मी पूर्वी चिडायचो, आता चिडत नाही. तिथेही फळ ऐकायलाच मिळतं.

राहता राहिला 'परिणाम'. त्याच्यावर तुम्ही उगाच हसलात. नम् म्हणजे वाकणे, वळणे. परिणाम म्हणजे एका रूपातून दुसऱ्या रूपात वळणे. सांख्य तत्त्वज्ञांचा परिणामवाद म्हणतो, वस्तू खरोखरच बदलते. त्याचं नेहमीचं उदाहरण दुधाच्या दह्याचं. त्याच्यासमोर अद्वैत्यांचा विवर्तवाद, म्हणजे बदल नुसता भासतो. दोरीवर दिसलेला साप. दिवा लावला की साप जातो, दोरी होती तशीच असते. दह्याचं मात्र काही केल्या परत दूध होत नाही. तुमच्या कागदाचं दही झालंय. म्हणजे अर्थाने तुमचा मसुदा बरोबर होता. शब्दाची चव गेलीय, ती सरकारी परिपत्रकांत राहून राहून.

रिकामटेकडी

'निष्पत्ती' घेतलीत तर मी धागा सोडून जाईन. शाळेत शिकवते. 'अध्ययन निष्पत्ती' लिहून लिहून बोटाला घट्टा पडलाय. मूल काय शिकलं ते त्या रकान्यात भरायचं. खरंच काय शिकलं ते मधल्या सुट्टीत कळतं.

पाणकावळा

परिपत्रकांचा विषय निघालाच आहे तर माझं एक जुनं दुखणं. हिंदीत परीक्षेचा परिणाम लागतो, आपल्याकडे निकाल लागतो. हिंदीत औषधाचा प्रभाव पडतो, आपल्याकडे गुण येतो. हल्ली मराठी बातम्यांत 'पुरामुळे प्रभावित कुटुंबे' येतात. अहो, मराठीत प्रभावित झालेला माणूस भारावलेला असतो! गाणं ऐकून प्रभावित होतात, व्याख्यान ऐकून होतात. घरात छातीभर पाणी शिरल्यावर कोण प्रभावित होतं?

आपल्याकडे किती थेट शब्द आहे. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त. ग्रस् म्हणजे गिळणे, त्यातूनच ग्रास. ग्रहणात सूर्य ग्रस्त होतो तसा पुराने हा माणूस गिळलाय. २०२० मध्ये रोज संध्याकाळी 'बाधितांचा आकडा' यायचा, तोही शब्द चपखल होता. एवढं असून प्रभावित!

झाकली_मूठ

पाणकावळा, +१. पण बाईंच्या खाचेचं काय?

शिळोपा

दोन दिवस वाचतोय, राहवत नाही म्हणून लिहितो. तुम्ही सगळे नामं चाचपताय. नामं बहुतेक संस्कृतातून आणलेली, इस्त्री केलेली. घरात आपण परिणाम नामाने सांगतच नाही. क्रियापदाने सांगतो, आणि तिथे मराठी इतकी बारीक कातते की बघत राहावं.

घाई *नडली*. आळस नडला, भिडस्तपणा नडला. नडतो तो बहुधा स्वभाव. एखाद्या दिवशीची एखादी करणी नडत नाही, ती *भोवते*. 'तो शेरा त्याला भोवला', 'सही न वाचता केली ती भोवली'. भोवायला मध्ये वेळ जावा लागतो. लगेच मुस्काटात बसली तर तिला भोवणं म्हणत नाहीत. पाणी *बाधतं*, जागरण बाधतं, तिथे तुमचा दोष असेलच असं नाही. थट्टा, डाव, शहाणपणा हे *अंगलट येतात*. करायला गेलो एक नि झालं भलतंच, असं असेल तरच अंगलट. चांगल्या हेतूने दान केलं आणि पैसे बुडाले तर ते अंगलट आलं म्हणताना जीभ जरा अडखळते. आणि प्रकरण *शेकतं*, ते तर केलं एकाने नि शेकलं दुसऱ्यावर असंही होतं.

आता यातलं 'मी' कुठे आहे पाहा. करताना 'मी केलं'. फळ येताना 'मला भोवलं', 'मला नडलं', 'मला बाधलं'. कर्ता 'ला' लावून बाजूला बसलाय आणि केलेली गोष्ट कर्ता होऊन आलीय. पात्रं तीच, जागा बदलल्या. आपलं व्याकरण हे न बोलता करून टाकतं.

आणि हे जे मी आत्ता लिहिलं, 'करून टाकतं', खरी गंमत त्यात आहे. एक साधं 'बोललो' घ्या.

बोलून गेलो: तोंडातून निसटलं.
बोलून टाकलं: छातीवरचा दगड उतरला.
बोलून घेतलं: माझं समाधान झालं, तुझं तू बघ.
बोलून ठेवलंय: तो शब्द आता उभा आहे, वेळ आली की उपयोगी पडेल.
बोलून बसलो: संपलं. आता मागे फिरता येत नाही.

पाचही वाक्यांत बोलणं तेच. मागे काय उरलं ते शेपटाच्या क्रियापदात. 'काय करून ठेवलंस हे!' असं आई ओरडते त्यातला 'ठेवलंस' काढून बघा. 'काय केलंस हे?' ही नुसती चौकशी झाली. 'ठेवलंस' म्हटलं की ते जमिनीवर सांडलेलं डोळ्यांसमोर येतं.

म्हणून माझं मत, नाम शोधू नका. 'ती रेघ ओढून बसली होती' एवढं पुरे.

तळटीप

शिळोपा, टोपी काढली. एक जोड देतो. भोवणे, भोवरा, भोवळ ही एकाच घरातली भावंडं, भ्रम् धातूची, गरगर फिरण्याची. जुन्या लेखनात 'भोंवणें' असायचं, पुढे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी व्युत्पत्तीचे अनुस्वार काढले. केलेलं फिरून येतं तेव्हा ते भोवतं. म्हणूनच तुम्ही म्हणता तसा मध्ये वेळ जातो, चक्कर पुरी व्हायला हवी ना.

रिकामटेकडी

'निस्तरणे' राहिलं! माझा रोजचा शब्द.

गेल्याच महिन्यातली गोष्ट. धाकट्या भावाने काकांबद्दलचा एक खवचट मेसेज मला म्हणून लिहिला आणि पाठवला सगळ्या घराच्या ग्रुपवर. पाठवून बसला. पंधरा-वीस सेकंदांत डिलीट केला म्हणे. पण तिथे ती करडी ओळ राहतेच, मेसेज डिलीट केल्याची. काकांनी काय वाचलं, वाचलं का नाही, कुणालाच कळेना. काकूंचा फोन आला तो मला. 'काय गं, काय पुसलंय त्याने?' दोन संध्याकाळी मी निस्तरत होते. केलं त्याने, बोलणी मला.

कानामात्रा, ती करडी ओळ म्हणजे तुमची खाच आहे बघा. मूळ मेसेज राहिला असता तर दोन दिवसांत विषय संपला असता. पुसल्याची खूण राहिली आणि प्रत्येकाने आपापल्या मनाने मजकूर भरला. काका अजून मला 'तुमचा तो लेखक काय म्हणतो' असं विचारतात.

तळटीप

निस्तरणे, निस् + तृ. तरून पलीकडे जाणे. त्या शब्दात पाणी आहे. तुम्ही दोन संध्याकाळी पोहत होतात.

रिकामटेकडी

आणि तो काठावर चहा पीत होता.

काढा

वैद्यकी करतो, म्हणून शरीराकडून येतो. मागे उरणाऱ्या खुणांचे शब्द आपल्याकडे वेगवेगळे आहेत आणि ते अदलाबदल करून चालत नाहीत.

*वळ*: छडीचा, चापटीचा, घट्ट नाडीचा. उठतो आणि काही वेळाने, फार तर दोन-चार दिवसांत विरतो. *चट्टा* त्वचेवर पसरतो, त्याला मार लागतोच असं नाही. *घट्टा* एका घावाने पडत नाही, तीच जागा तशीच रोज घासली गेली की पडतो, रिकामटेकडींच्या बोटावर आहे तो. कामाने पडलेल्या घट्ट्याला कुणी जखम म्हणत नाही. आणि *वण*. जखम पूर्ण भरली, दुखत नाही, खपली गेली, तरी कातडीचा पोत तिथे वेगळाच राहतो. उन्हात त्याचा रंग आजूबाजूसारखा बदलत नाही. तुमच्या पेन्सिलीच्या छटेसारखंच, नवं भोवती बसतं, तिथे नाही.

शब्द मिळाला तुमचा. वण.

फक्त 'व्रण' लिहू नका. वण हा व्रणापासूनच आला, पण वैद्यकात व्रण म्हणजे भरायची राहिलेली जखम. जठरव्रण म्हणजे पोटातला अल्सर.

जाता जाता अजून एक, आमच्या शास्त्रातला माझा आवडता शब्द. *विपाक*. द्रव्य जिभेवर लागतं तो रस, पचून झाल्यावर शरीरात उरतो तो विपाक. रस सहा, विपाक तीनच: मधुर, अम्ल, कटु. सुंठ जिभेला तिखट, पण तिचा विपाक मधुर मानलाय. म्हणजे लागताना एक आणि उरताना दुसरं. 'कर्मविपाक' शब्दातला विपाक हाच, पच् धातूचा. केलेलं पचून काय उरलं ते.

पाणकावळा

सुंठीचं मस्त. पण सगळा धागा भोगण्या-निस्तरण्यात चाललाय. चांगलं काही उरतं की नाही मागे? मराठीत वाईट परिणामांचेच शब्द जास्त आहेत असं वाटायला लागलंय.

शिळोपा

जास्त आहेत हे खरं. सुरळीत चाललेल्याला कोण शब्द शोधत बसतो? पण आहेत. औषध *लागू पडतं*, हवा *मानवते*, कष्ट *फळतात*. *पथ्यावर पडणं* तर खासच. दुसऱ्याची चूक, पाऊस, संप, काहीही आपल्या पथ्यावर पडतं, आपण बोटही न हलवता.

दीर्घकाळ टिकणारं चांगलं म्हणाल तर *पुण्याई*. पुण्य ज्याचं त्याचं, पुण्याई मात्र पुढच्यांना मिळते. 'वडिलांची पुण्याई म्हणून वाचलो'. ती साठते, पुरते, आणि संपते सुद्धा. उलट बाजूला *तळतळाट*. कुणाचं वाटोळं केलं की त्याचा तळतळाट लागतो, आणि तो केल्याने लागत नाही, समोरचा आतून जळाल्याने लागतो. हा फरक बारीक आहे. कायद्याने सुटलेल्या माणसालाही तळतळाट लागू शकतो.

तळटीप

पुण्याईवरून मीमांसकांचं, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्मांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांचं 'अपूर्व' आठवलं. त्यांच्यापुढे पेच असा होता: यज्ञ आज संपला, राख झाली. स्वर्ग मिळणार मेल्यावर. मधल्या काळात ते फळ कुठे असतं? त्यांनी उत्तर दिलं, कर्मातून एक न दिसणारी शक्ती उपजते आणि फळ मिळेपर्यंत टिकते. तिचं नाव अपूर्व, कारण कर्माआधी ती नव्हती. आज आपण क्रिकेटच्या सामन्याला 'अपूर्व उत्साह' म्हणतो.

'प्रारब्ध'चंही असंच झालंय. लोक नशीब म्हणून वापरतात, कपाळाला हात लावून. शब्दशः अर्थ 'सुरू झालेलं' एवढाच. जमलेलं सगळं ते संचित, त्यातलं फळ द्यायला लागलेलं ते प्रारब्ध, आत्ता करतोय ते क्रियमाण. जुना दृष्टान्त बाणांचा आहे. भात्यातले, सुटलेला, आणि दोरीला लावलेला. हतबल आपण फक्त त्या एका सुटलेल्यापुढे आहोत, बाकी दोन हातात आहेत. कपाळाला हात लावणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही.

'वासना' पण घ्या. आता तिचं नाव नुसतं शारीरिक ओढीसाठी उरलंय, पण योगशास्त्रात ती केलेल्याचा मनात उरलेला गंध आहे. फूल काढून घेतलं तरी कापडाला राहतो तसा.

झाकली_मूठ

तळटीप, धाग्याची तळटीप धाग्यापेक्षा मोठी झाली.

बाई आठ वर्षांच्या मुलांसाठी लिहितायत. अपूर्व नको, विपाक नको. आणि काढा, 'वण' तरी मुलांना कळेल का? माझ्या पुतणीला विचारलं, ती म्हणाली 'स्कार?'

काढा

गुडघे बघा तिचे. शब्द नसेल माहीत, वस्तू आहे. एकदा बोट ठेवून सांगा, 'हा वण'. विसरायची नाही.

शिळोपा

माझं अजूनही 'ओढून बसली होती'. वण कातडीला असतो. कागदाला वण म्हटलं की लेखिका मध्ये येते.

रिकामटेकडी

शिळोपा, नाही पटलं. वर्गात मोठ्याने वाचायचं असेल तर 'ओढून बसली होती' वर पोरं खिदळतील, त्यांना बसलेली मुलगी दिसणार. 'वण' ला शांत होतील. कळलं नाही तरी शांत होतील, त्या शब्दाचा आवाजच तसा आहे.

कानामात्रा

सगळ्यांचे आभार. काल तीनही ओळी मोठ्याने म्हणून पाहिल्या, भाचीला समोर बसवून. 'कृतींचे दीर्घकालीन परिणाम' ला तिने जांभई दिली. 'ओढून बसली होती' ला म्हणाली, 'कुठे बसली?' (रिकामटेकडी, मानलं!) तिसरी ओळ ऐकून काहीच बोलली नाही. मग कोपर वळवून त्याच्यावरची जुनी खूण मला दाखवली.

तेव्हा ठरलं. शेवटच्या पानावर फक्त: 'रेघ पुसली. वण राहिला.'

शिळोपा, तुमचं 'बसली' आधीच्या पानावर घेतलंय. रेघ ओढल्या ओढल्या ती म्हणते, 'हे मी काय करून बसले!' तिथे कुणी खिदळणार नाही, तोपर्यंत तीच रडायला लागलेली असते.

कानामात्रा (तीन महिन्यांनी)

धागा वर काढतेय, माफ करा. पुस्तक छापून आलं. चित्रं सुंदर, कागद जाड, मुखपृष्ठ झकास. शेवटचं पान उघडलं.

'रेघ पुसली. व्रण राहिला.'

मुद्रितं तपासणाऱ्यांनी शेवटच्या क्षणी 'चूक' दुरुस्त केली. मला विचारलं नाही. त्यांना फोन केला तर अगदी प्रेमाने म्हणाले, 'अहो ताई, वण असा शब्द नाही, टंकताना र राहिला असणार तुमचा.'

काढा

म्हणजे जखम अजून भरलीच नाही.

पण प्रामाणिकपणे सांगतो, त्यांना अगदीच झोडू नका. सुश्रुतसंहितेत व्रणाची व्युत्पत्ती दिलीय, तिथे म्हटलंय की जखम भरून आली तरी तिची खूण देह असेतो जात नाही, म्हणून तो व्रण. त्या मागे राहिलेल्या खुणेला सुश्रुत 'व्रणवस्तू' म्हणतो. त्या हिशोबाने व्रणातही वण आहे. मागच्या वेळी मी जरा जास्तच ठासून बोलून गेलो.

तळटीप

बोलून गेलात का बोलून बसलात?

काढा

बसलो.

झाकली_मूठ

मी पहिल्याच दिवशी पडसाद सांगितला होता. त्यात काही दुरुस्त करता आलं नसतं.

रिकामटेकडी

कानामात्रा, छापील प्रती किती?

कानामात्रा

एक हजार. पैकी तीस माझ्याकडे भेट म्हणून आल्यात. खोडरबराने 'र' खोडता येतो का बघत होते, शाईचा आहे. पांढरी शाई लावली तर तिरपं धरल्यावर दिसतंय.

शिळोपा

निस्तरा आता.